अँटिबॉडी नाही, तरी खेकडा ठणठणीत!

पाऊस जरा उघडला की परतवाड्याजवळ सापनच्या काठावर जा आणि एखादा दगड हळूच उलथून बघा. खाली खेकडा सापडला तर त्याचे पाय मोजा. बऱ्याचदा एखादा तुटलेला असतो. भोवती सडका पाला, शेण, गढूळ पाणी. आपल्याला तिथे नुसतं खरचटलं तरी आपण धनुर्वाताच्या इंजेक्शनला धावतो, हा गडी मात्र निवांत!

आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे अँटिबॉडी नसतातच. बारावीला घोकलेल्या बी-पेशी, टी-पेशी, काही म्हणजे काही नाही. मग शत्रू ओळखायचा कसा?

खेकडा जंतूचा चेहरा बघत नाही, कपडे बघतो. बॅक्टेरियाच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड किंवा पेप्टिडोग्लायकन असतं, बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकन. खेकड्याचं शरीर यातलं काहीच बनवत नाही. म्हणजे हे दिसलं की समजायचं, परका घुसला. त्याच्या रक्तातली लेक्टिन नावाची प्रथिनं जंतूच्या अंगावरच्या शर्करेला चिकटतात आणि जंतूंचे गठ्ठे बांधतात. मग रक्तपेशी ते गिळतात, नाहीतर चहूबाजूंनी घेरून टाकतात.

खरी जोखीम पुढे आहे. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, साधारण तशीच क्रिया खेकडा जखमेत घडवतो. फिनॉलऑक्सिडेज हे विकर मेलॅनिन तयार करतं आणि जंतू त्या काळ्या थरात गाडला जातो. पण ही क्रिया होताना जे विषारी पदार्थ निघतात, ते खेकड्याच्या स्वतःच्या पेशींनाही सोडत नाहीत. म्हणून हे विकर रक्तपेशींतल्या कणांमध्ये निष्क्रिय रूपात कोंडलेलं असतं. ओळखणाऱ्या प्रथिनांनी इशारा दिला, की एक विकर दुसऱ्याला कापून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी हे सुटतं. त्याला आवरणारी प्रथिनंही तयारच असतात. ओळखण्यात चूक झाली तर घर आपलंच जळणार!

अशा ओळखीचा फायदा आपणही घेतो. हॉर्सशू क्रॅब ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळतो. नावात क्रॅब असला तरी तो कोळी-विंचवांच्या भाऊबंदांपैकी. त्याच्या रक्तपेशींतलं ‘फॅक्टर सी’ हे प्रथिन लिपोपॉलिसॅकराइडचा अंश लागताच रक्त गोठवायला घेतं. सलाइन, इंजेक्शनं, लसी यांत बॅक्टेरियाचं विष उरलंय का, हे तपासायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये या रक्तावरच्या चाचणीला मान्यता दिली. आता हेच प्रथिन प्रयोगशाळेतही बनवता येतं, म्हणजे प्राण्याचं रक्त काढायची गरज नाही. बायोटेक करणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

खेकडा प्रत्येक लढाई जिंकतो असं मात्र नाही. कोळंबीची तळीच्या तळी रिकामी करणारा व्हाइट स्पॉट विषाणू बऱ्याच खेकड्यांच्या अंगात शिरतो आणि मुक्काम ठोकतो. खेकडा वरून धडधाकट, पण रोग घेऊन फिरणारा. म्हणूनच किनाऱ्यावरचे कोळंबी-पालक तळ्याभोवती बुटकं जाळीचं कुंपण घालतात, खेकडा आत येऊ नये म्हणून.