बोलल्याशिवाय जिंकता न येणारे खेळ

पहिलीच्या वर्गात बाई चित्र दाखवतात आणि विचारतात, "हे काय आहे?" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "आंबा!" वर्ग जिवंत वाटतो, पण त्या क्षणी कुणी कुणाला काही सांगितलेलं नसतं. उत्तर बाईंना आधीच ठाऊक आहे, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे मुलांनाही कळतं. मग एका शब्दात काम भागतं. मूल पूर्ण वाक्यात, नेमकं आणि विचार करून बोलतं ते त्याच्याजवळची माहिती समोरच्याला ठाऊक नसते आणि समोरच्याला ती हवी असते तेव्हा. भाषेचा चांगला खेळ हीच गरज निर्माण करतो.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात वाचन-लेखनाच्या जोडीला मौखिक भाषाविकासही धरलेला आहे. त्याचं कारण साधं आहे: जे वाक्य मुलाने कधी ऐकलं नाही आणि बोललं नाही, ते छापील पानावर भेटलं तर अक्षरं जुळतात, पण अर्थ लागत नाही. तीस मुलांच्या वर्गात एकेकाला उभं करून बोलतं केलं, तर अर्ध्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येतं. जोड्या केल्या तर एकाच वेळी पंधरा मुलं बोलतात आणि पंधरा ऐकतात. खेळांचा हा पहिला फायदा.

आधी कान: 'शिवाजी म्हणतो'

हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. 'शिवाजी म्हणतो' हे शब्द आधी आले तरच हुकूम पाळायचा, नाहीतर जागचं हलायचं नाही. यात मुलाला दोन कामं करावी लागतात: वाक्य सुरुवातीपासून ऐकायचं, आणि अंग आपोआप हलू लागलं तरी स्वतःला रोखायचं. चार ते सहा वर्षांच्या मुलांचा स्वतःवरचा ताबा पाहण्यासाठी मानसशास्त्रज्ञ अशाच उलट्या हुकमांची चाचणी वापरतात; 'डोक्याला हात लाव' म्हटलं की पायाला हात लावायचा.

वर्गात खेळताना हुकूम टप्प्याटप्प्याने वाढवा. आधी 'हात वर'. मग दोन कृती क्रमाने: 'टाळी वाजवा आणि खाली बसा'. मग 'डावा हात उजव्या कानाला लावा'. मुलं सरावली की हुकूम देण्याचं काम त्यांच्याकडे सोपवा, म्हणजे ऐकण्याचा खेळ बोलण्याचाही होतो. आणि एक नियम बदला: चुकणाऱ्याला बाद करू नका. ज्याला ऐकण्याचा सराव सर्वांत जास्त हवा, तेच मूल आधी बाद होतं आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसतं.

पाट की पाठ?

ऐकण्याची दुसरी पायरी आवाजांमधला बारीक फरक ओळखण्याची. मराठीत त्यासाठी जोड्यांची कमतरता नाही: पाट-पाठ, दार-धार, गार-घार, माळ-माल. प्रत्येक शब्दाला एक कृती ठरवा. 'दार' ऐकलं की दार उघडल्याचा अभिनय, 'धार' ऐकलं की तांब्यातून पाणी ओतल्याचा. सांगणाऱ्याने तोंडासमोर वही धरायची, म्हणजे ओठांकडे पाहून अंदाज बांधता येत नाही. आवाज मात्र नेहमीचाच ठेवायचा, कुजबुजायचं नाही. घरच्या बोलीत 'ण'चा 'न' होत असेल, तर त्या मुलासाठी मण-मन ही जोडी सुरुवातीला घेऊ नका. तो त्याच्या कानाचा दोष नव्हे, त्याच्या घरची भाषा तशी आहे.

पाठीला पाठ

सगळ्यांत कसदार खेळ हा. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. दोघांपुढे एकेक पाटी आणि त्याच सहा वस्तू: खडू, खोडरबर, चिंचोका, काडी, वाळलेलं पान, बाटलीचं झाकण. एक मूल आपल्या पाटीवर वस्तू हवी तशी मांडतं आणि ती मांडणी तोंडी सांगतं. दुसऱ्याने न पाहता हुबेहूब तशीच मांडायची. शेवटी दोन्ही पाट्या शेजारी ठेवून पडताळायचं.

पहिल्या डावात बहुधा असं काही कानावर पडतं:

"झाकण इथे ठेव."
"इथे म्हणजे कुठे?"
"अरे इथे, पानाजवळ."
"पानाच्या कुठल्या बाजूला?"
"देठ आहे ना, त्या बाजूला."
"देठाला चिकटून?"
"नाही, मध्ये खडू बसेल एवढी जागा सोड."

या सात वाक्यांत बरंच काही घडलं. एरवी 'इथे' म्हणून बोट दाखवलं की भागतं. पाठ फिरवल्यावर बोटाचा उपयोग संपला आणि सगळं शब्दांवर आलं. सांगणाऱ्याला स्वतःच्या नजरेतून बाहेर पडून ऐकणाऱ्यापुढे काय आहे याचा विचार करावा लागला. ऐकणाराही नुसता गप्प बसला नाही. आपल्याला नेमकं काय कळलं नाही हे त्याने ओळखलं आणि तेवढंच विचारलं. 'कळलं नाही' एवढं म्हणणं सोपं असतं. काय कळलं नाही हे सांगता येणं ही ऐकण्याच्या कौशल्याची खरी परीक्षा आहे.

लहान मुलांना हे किती अवघड जातं, ते अमेरिकेतल्या ग्लक्सबर्ग, क्राउस आणि वाइसबर्ग या संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवलं. त्यांनी दोन मुलांच्या मध्ये आडोसा लावला आणि ज्यांना ठरलेलं नाव नाही अशा विचित्र आकृत्यांचे ठोकळे दिले. बालवाडीच्या वयाची मुलं आकृतीचं वर्णन फक्त स्वतःला कळेल अशा खुणेने करत, आणि जोडीदाराला ते कळत नसे. वय वाढतं तशी ही जाण येते, आणि तिला सराव लागतो.

खेळ बसवताना काही गोष्टी सांभाळा. मुलांना समोरासमोर बसवून मध्ये आडोसा लावला तर एकाचा डावा हात दुसऱ्याच्या उजव्या बाजूला येतो, आडोसा काढल्यावर मांडणी उलटी दिसते आणि बरोबर मांडूनही चुकल्यासारखं वाटतं. म्हणून पाठीला पाठ, आणि पाट्या उचलून शेजारी. सुरुवात तीन वस्तूंनी करा. वर, खाली, आत, शेजारी, मध्ये हे शब्द पक्के झाले की डावीकडे-उजवीकडे आणा. प्रश्न विचारायला पहिल्या दिवसापासून मुभा द्या. किंबहुना एकही प्रश्न न विचारता डाव संपला तर नियम म्हणून एक प्रश्न विचारायला लावा. आणि दर डावाला भूमिका बदला, नाहीतर बोलकं मूल कायम सांगत राहतं.

'ओळखा पाहू' हा खेळ याच्या जोडीला घ्या. पिशवीत एक वस्तू लपवायची आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारून ती ओळखायची. सुरुवातीला मुलं 'पेन आहे? चमचा आहे?' असे नुसते अंदाज मारतात. 'ती खायची वस्तू आहे का?' अशा प्रश्नाने एका फटक्यात किती वस्तू गळतात हे एकदा लक्षात आलं की प्रश्न सुधारतात. 'कानगोष्टी' मात्र वीस जणांच्या रांगेत नको. त्यात प्रत्येकाला एकच वाक्य आणि भरपूर वाट पाहणं मिळतं. पाच-पाचच्या रांगा करा आणि शेवटच्याला ऐकलेल्या वाक्याप्रमाणे कृती करायला सांगा.

मोठ्यांचं काम

पहिलं काम थांबण्याचं. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. दुसरं काम, चूक न टोकता बरोबर वाक्य कानावर घालण्याचं. मूल म्हणालं, "मी पान खाली ठेवली," तर "हो, तू पान खाली ठेवलंस, मग पुढे?" एवढं पुरतं. खेळ थांबवून व्याकरण सांगितलं की मूल पुढचं वाक्य आखडतं घेतं.

तिसरं काम घरच्या भाषेला जागा देण्याचं. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, पालघरमध्ये वारली बोलणारी मुलं वर्गात असतात. एकाच भाषेची दोन मुलं पाठीला पाठ लावून आधी आपल्या भाषेत खेळू द्या. नेमकं सांगणं आणि नेमकं विचारणं एकदा जमलं की ते मराठीतही येतं. फक्त शब्द नवे शिकायचे उरतात.

एखादं मूल खेळात वारंवार पाहूनच कृती करत असेल, मागून दिलेली हाक त्याला ऐकू जात नसेल, तर ते लक्ष देत नाही असं ठरवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि तिच्यात श्रवणदोष व भाषाविकासातला विलंबही पाहतात. पथक येईल तेव्हा त्या मुलाबद्दल आवर्जून सांगा, आणि पथक यायला वेळ असेल तर पालकांना जवळच्या रुग्णालयात जायला सांगा.

कुठलाही खेळ निवडताना, मग तो मैदानावरचा असो की मोबाइलवरचा, एकच कसोटी लावा: तोंड न उघडता आणि कान न देता मूल हा खेळ जिंकू शकतं का? शकत असेल तर तो आणखी कशासाठी तरी चांगला असेल, भाषेसाठी नाही. पाटी आणि सहा वस्तू प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक घरात मिळतात. रोज दहा मिनिटं काढा, आणि प्रत्येक मुलाची सांगण्याची पाळी झाल्याशिवाय खेळ आवरू नका.