कुड्याच्या लेण्यांत आयाबायांची नावं

बचत गटाची सहल म्हटली की बहुतेक वेळा देवदर्शन ठरतं. ते करायचंच. पण यंदा गणपतीचा हंगाम आटोपला, भातं झोडून झाली, की एक दिवस तळ्याच्या बाजूला जाऊन या. मांदाडजवळ, खाडीच्या वरच्या डोंगरात कुडा लेणी आहेत. पेणहून महामार्गाने नागोठणे, कोलाड, इंदापूर असं यायचं, इंदापूरला उजवीकडे तळ्याचा रस्ता धरायचा आणि पुढे मांदाडकडे उतरायचं. रोह्याच्या बायकांनी कोलाडपर्यंत येऊन तोच रस्ता घ्यायचा.

मांदाड आज लहानसं गाव आहे. राजपुरीची खाडी आत शिरत शिरत तिथवर येते. दोन हजार वर्षांपूर्वी हे बंदर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. तिच्यात आपल्या किनाऱ्यावरची बंदरं ओळीने दिली आहेत. त्यात सेमिल्ला म्हणजे आपलं चौल आणि त्याच्यापुढे मंदगोरा. हे मंदगोरा म्हणजेच मांदाड, असं बरेच अभ्यासक मानतात.

ही जहाजं यायची कुठून? माल आधी नाईल नदीतून होडीने वर न्यायचे. मग कॉप्टोस गावापासून उंटांवर लादून बारा दिवस वाळवंट तुडवत तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात. न्यूबियाचा मुलूख तिथून जवळच. जुलैत तिथून जहाजं निघायची आणि ज्या वाऱ्यावर आपला पाऊस येतो, त्याच वाऱ्यावर शिडं भरून इकडे पोचायची. बेरेनिकेला उत्खनन झालं, तेव्हा एका देवळात साडेसात किलो काळी मिरी भरलेला भारतीय रांजण मिळाला. तिथल्या घरांना सागवानी लाकूड वापरलेलं होतं. 2023 साली तिथे बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडल्याचं जाहीर झालं. तिकडच्या वाळवंटातल्या गावाचा आणि आपल्या खाडीचा असा जुना घरोबा आहे. पुढे याच खाडीच्या तोंडावर जंजिऱ्यात आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी राज्य केलं, थेट 1948 पर्यंत. पण ती गोष्ट निराळी.

व्यापार आला की पैसा येतो आणि पैसा आला की दानधर्म होतो. डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी सव्वीस लेणी कोरली गेली, काही खाली, काही वरच्या टप्प्यावर. राज्य ‘महाभोज’ म्हणवणाऱ्या मांदव घराण्याचं होतं. पण लेणी काही राजाने एकट्याने केली नाहीत. ज्याने जे दिलं, ते त्याच्या नावासकट भिंतीवर कोरून ठेवलं आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी वाचलेले हे लेख 1881 साली छापले गेले. कऱ्हाडहून आलेला महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी त्यांत आहे. सोमदेव नावाचा वैद्य आहे, आणि त्याच्या लेखात मुलांबरोबर चार मुलींचीही नावं आहेत : इसिपालिता, पुसा, धम्मा, सपा.

मला स्वतःला सहाव्या लेण्याजवळून हलवत नाही. दाराशी हत्ती, आत स्तूप, आणि भिंतीवर एका कुटुंबाचा लेख. शिवम हा महाभोजाच्या दरबारातला लेखक, म्हणजे कारकून म्हणा. लेण्याचं दान त्याचं. बायको विजया हिचं नाव सोबत आहे. दगडातल्या कोरीव कामाचा भार मुलांनी उचलला. आणि खांब? ते मुलींनी दिले. चौघींची नावं आहेत : सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. लेकींनी दिलेल्या खांबांवर लेणं उभं आहे, आणि लिहिणाऱ्याला ते लपवावंसं वाटलं नाही.

आता याच लेखाची सुरुवात ऐका. शिवम कोणाचा मुलगा? सुलसदत्ताचा आणि उत्तरदत्तेचा. बापाचं नाव आहे आणि आईचंही आहे. आपल्या सरकारने मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचं ठरवलं ते 2024 साली, तेही त्या वर्षीच्या 1 मे पासून जन्मलेल्यांसाठी. तुमच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, हे घरी गेल्यावर बघाच.

आणखी एक लेख पदुमनिका नावाच्या भिक्षुणीचा आहे. तिची आई नागनिका, तीही भिक्षुणी. पदुमनिकेने आपल्या शिष्या बोधी आणि असाळ्हमिता यांच्यासह एक लेणं दिलं आणि एक पोढी दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढलेल्या बाईला हे दान काय आहे ते सांगावं लागत नाही. भयिला नावाच्या ब्राह्मण बाईने तर अख्खं चैत्यघर दिलं आहे. नवराही बुद्धाचा उपासक होता, पण दान तिच्या नावाचं.

जाताना विजेरी न्या. अक्षरं झिजली आहेत. उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका टाकला तर सावली पडते आणि ती उठून दिसतात. त्यांवर खडू फिरवू नका, पाणी मारू नका. बुद्धाच्या मूर्ती दिसतील, त्यांतल्या बऱ्याच नंतर, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या आहेत. डबा आणि प्यायचं पाणी घरून न्या. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. म्हाताऱ्या बाईला बरोबर घेतलंत तर सावकाश चढा. खालची लेणी पाहून झाली की तिला ओसरीत बसवा, तिथून खाडी दिसते. बाकीच्यांनी वरची बघून या. आणि गटात जिला वाचता येत नाही, तिला सहाव्या लेण्यातली ती चार नावं मोठ्याने वाचून दाखवा.