जुन्या जावाचे मोल

म्हैसूर शहराच्या यादवगिरी भागात 1961 ते 1996 या काळात मोटारसायकलींचा एक कारखाना चालला. आयडियल जावा असे त्या कंपनीचे नाव होते. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्यावर तो उभा केला आणि मैसूर राज्याचे तेव्हाचे राज्यपाल जयचामराज वडियार यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खुद्द ‘जावा’ हे नाव म्हणजे दोन नावांचा संधी आहे. फ्रांटिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने 1929 मध्ये वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून आपल्या वाहनाचे बारसे केले. म्हैसूरच्या कारखान्यात 1970 च्या दशकाच्या आरंभापर्यंत गाड्यांवर जावाचे नाव राही. पुढे त्यांवर ‘येझदी’ हे नाव आले आणि कारखाना बंद पडेपर्यंत ते टिकले.

यादवगिरीजवळच विजयनगर ही टप्प्याटप्प्याने वाढलेली वसाहत आहे. समजा, तेथील एका घराच्या पोर्चमध्ये मेणकापडाखाली झाकलेली 1968 सालची एक जावा आहे. घरातील वडील माणूस वारला आहे, मुलाला ती विकावयाची आहे आणि तो तिचे एक लाख ऐंशी हजार रुपये मागतो. ती पाहावयास कोल्हापूरहून एक ग्राहक आला आहे. पैसा त्याने काही वर्षे बाजूला टाकून जमविलेला आहे आणि चूक झाल्यास तो पुन्हा लवकर जमणार नाही. मागितलेली किंमत योग्य आहे की नाही हे त्याने कसे ठरवावे?

बहुतेक ग्राहक प्रथम किक मारतात. गाडी सुरू झाली की त्यांचा निम्मा निर्णय होऊन जातो आणि झाली नाही तर ते भाव निम्म्यावर आणू पाहतात. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. जुन्या वाहनात दुरुस्त होऊ शकणारे दोष असतात आणि दुरुस्त न होऊ शकणारे दोषही असतात. एंजिन हा बहुतांशी पहिल्या वर्गातला भाग आहे. लोकांचे लक्ष मात्र सगळे एंजिनावर खिळलेले असते आणि दुसऱ्या वर्गातील दोष घरी गेल्यावर उघडकीस येतात.

म्हणून आरंभ नोंदणीपुस्तकापासून करावा. मैसूर राज्याचे नाव 1 नोव्हेंबर 1973 रोजी कर्नाटक झाले. तेव्हा 1968 साली नोंदलेल्या गाडीच्या मूळ पुस्तकावर मैसूर राज्याचा उल्लेख आणि क्रमांकाच्या आरंभी ‘एमवाय’ ही अक्षरे असावयास हवीत. केए-09 हा म्हैसूरचा आजचा संकेत पुष्कळ नंतरचा आहे. पुस्तकात 1978 साल असेल आणि टाकीवर मात्र जावाचे नाव झळकत असेल, तर ती बहुधा जावाची टाकी चढविलेली येझदी होय. येझदीच्या सुरुवातीच्या गाड्यांची यंत्ररचना जावाच्याच धर्तीची असल्याने असे वेषांतर सहज साधते. येझदी ही काही वाईट गाडी नव्हे. परंतु जावाच्या भावाने येझदी घेणारा फसला असेच म्हणावे लागेल.

त्यानंतर चेसिसचा क्रमांक आणि एंजिनाचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावेत. परिवहन कार्यालयात करतात तेच येथे करावे: क्रमांकावर पातळ कागद ठेवून त्यावरून पेन्सिल फिरवावी. डोळ्यांना सरळ दिसणारे आकडे कागदावर कधीकधी वेगळीच हकीकत सांगतात. एखाद्या आकड्याची खोली कमीजास्त उमटते, किंवा आकड्यांभोवतीचा पत्रा घासलेला असल्याचे कळते. क्रमांकावर रंगाचा जाड थर असेल तर तो खरवडण्याची परवानगी मागावी. विक्रेत्याने ती नाकारली, तर पुढे बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

आपल्या उदाहरणातील अडचण निराळीच आहे. पुस्तकावरील मालक हयात नाही. नियमाप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवून तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. त्यासाठी 31 क्रमांकाचा नमुना आहे. बहुतेक घरांत हे राहून जाते. दु:खाच्या दिवसांत पोर्चमधल्या मोटारसायकलीचा विचार कोण करतो? पुढे मात्र मुलाबरोबर त्याची आई आणि बहिणी यांच्याही सह्यांचा प्रश्न येतो. मुलाने आधी गाडी आपल्या नावावर करून घ्यावी आणि मगच विक्री व्हावी, हा सरळ मार्ग आहे. त्याच्याच सहीने व्यवहार उरकू पाहणाऱ्या ग्राहकाच्या हाती लोखंड येईल, वाहन येणार नाही.

राज्याची सीमा ओलांडली की आणखी एक पायरी वाढते. बेळगावच्या ग्राहकाचा व्यवहार कर्नाटकातच राहतो. कोल्हापूरच्या ग्राहकाला मात्र म्हैसूरच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला 28 क्रमांकाच्या नमुन्यावर मिळवून महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करावी लागते. (म्हैसूर केए-09 आणि कोल्हापूर एमएच-09; आकडा एकच असला तरी मधले अंतर कागदांनीच कापावे लागते.) जुन्या गाडीची नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेली आहे की नाही, हेही आधीच पाहावे. ती केवळ जुन्या रजिस्टरात पडून असेल, तर ती शोधून प्रणालीत चढविण्याचे काम विक्रेत्याने म्हैसुरातच करून घेणे शहाणपणाचे आहे. कोल्हापुरात बसून ते होत नाही.

नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. याखेरीज 2021 मध्ये केंद्र सरकारने पुरातन वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनास त्यांनुसार वीस हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांची खास नोंदणी मिळू शकते. आधी नोंदलेल्या वाहनाला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच ती चालविता येते. शिवाय चेसिस, एंजिन व बाह्यांग यांत भरीव फेरफार झालेला नसावा अशीही अट आहे. रोज कामावर जाण्यासाठी गाडी घेणारा आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी भरणाऱ्या जावा-येझदी मेळाव्यासाठी घेणारा, या दोघांनी एकाच गाडीला वेगवेगळी किंमत द्यावी याचे एक कारण येथे सापडते.

कागदांनंतर पत्रा. जावाचे रूप तिच्या पत्र्यात आहे. गुडघ्यांच्या रबरी गाद्या बसविलेली फुगीर टाकी, हँडलपर्यंत चढत गेलेले दिव्याचे आवरण, साखळीला पूर्ण झाकणारी पेटी आणि एकाच सिलिंडरातून निघून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या दोन नळ्या, या तिच्या खुणा होत. या वस्तूंच्या नकला बाजारात मिळतात, परंतु त्यांचा पत्रा पातळ असतो व वळणे नेमकी जुळत नाहीत. ग्राहकाने गाडीभोवती एक फेरी घालून काय आहे यापेक्षा काय नाही याची यादी करावी. गंजलेला पण मूळ भाग नव्या चकचकीत नकलेपेक्षा मोलाचा असतो, हे नवशिक्याला पटत नाही. ताज्या रंगाविषयी तर सावधच असावे. विक्रेता सांगतो की, रंगावर आणि मुलाम्यावर इतके हजार खर्च झाले. तो खर्च खरा असेलही. पण त्याची भरपाई करण्याचे ग्राहकाला कारण नाही, कारण त्याच रंगाखाली लांबी भरलेले खड्डे आणि वितळजोड दडलेले असू शकतात. टाकीवर लहानसे लोहचुंबक फिरवावे. जेथे लांबीचा थर जाड असेल तेथे ते धरत नाही.

आता एंजिन. ग्राहकाने पोहोचताच, बोलणे सुरू होण्यापूर्वी, सिलिंडरला हात लावून पाहावा. तो कोमट असेल तर गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे आणि थंड एंजिनाची खरी परीक्षा हुकली, असे समजावे. जावाचे एंजिन टू-स्ट्रोक म्हणजे दोन धावांचे असते. त्याच्या सिलिंडराचा व्यास 65 मिलिमीटर व दट्ट्याची धाव 75 मिलिमीटर असून त्यावरून 249 घन सेंटिमीटर आकारमान येते. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच, साधारणपणे पंचवीस भागांस एक या प्रमाणात मिसळतात. त्यामुळे सुरू होताना निळसर धूर येणे हा दोष नव्हे. एंजिन चांगले तापल्यावरही धुराचे लोट थांबत नसतील आणि गियरपेटीतील तेलाची पातळी हळूहळू उतरत असेल, तर क्रँकच्या क्लचकडील बाजूचे ऑइल सील फाटून एंजिन ते तेल ओढून घेत आहे. दुसऱ्या बाजूचे सील गेले तर हवा आत शिरते आणि मूठ सोडली तरी एंजिनाचा वेग आपोआप चढू लागतो. सील स्वस्त असते. ते बदलण्यासाठी एंजिन उघडण्याची मजुरी मात्र स्वस्त नसते.

किक मारण्याची रीतही या गाडीत वेगळी आहे. गियरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की तो किक होतो. तो दाबला जाऊन नीट अडकतो की घसरतो हे पाहावे, कारण घसरणे म्हणजे आतील दाते झिजल्याची खूण. तोच दांडा गियर टाकताना क्लच आपोआप सोडवितो, म्हणून हाताने क्लच न दाबता सावकाश गियर बदलून पाहावा. करकर न होता तो पडला तर ही रचना शाबूत आहे. दट्ट्याच्या माथ्यावर त्याचे माप कोरलेले असते. सिलिंडर झिजला की तो बोअर करून पाव-पाव मिलिमीटर मोठा दट्ट्या घालतात. तेव्हा माप 65 च्या किती पुढे गेले आहे यावरून सिलिंडराचे उरलेले आयुष्य कळते. ते संपले असले तरी नवे अस्तर घालता येते. दिव्याच्या आवरणावरचा लाल दिवा एंजिनाचा वेग वाढताच विझला पाहिजे. तो विझला नाही तर सहा व्होल्टच्या डायनॅमोकडून विजेचा भरणा होत नाही, असा अर्थ होतो. या सर्व दोषांना कारागीर आहेत आणि प्रत्येक कामाचा दर विचारता येतो. जाम झालेले एंजिन पाहून घाबरणारा ग्राहक म्हणूनच पुष्कळदा चांगली गाडी सोडून देतो.

आता हिशोब मांडता येईल. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. अशीच गाडी, सर्व मूळ भागांसह आणि कागद चोख असताना, ओळखीच्या लोकांत दोन लाखांना विकली जाते असे समजू. ही रक्कम जाहिरातीतील मागणीवरून काढू नये. प्रत्यक्ष पैसे मोजून झालेल्या दोन-तीन व्यवहारांवरून ती काढावी, कारण मागणी कोणीही कितीही लावू शकतो. तीतून बोअर, क्रँकचे बेअरिंग व सील यांचे पंचवीस हजार, मुलामा व रंगाचे तीस हजार, टायर आणि तारांचे दहा हजार वजा केले की एक लाख पस्तीस हजार उरतात. वाहतूक, दाखले व कर यांचे पंधरा हजार गेले की एक लाख वीस हजार. मागणी एक लाख ऐंशी हजारांची आहे. मधले साठ हजार कशाबद्दल मागितले जात आहेत, हा प्रश्न ग्राहकाने विक्रेत्याला शांतपणे विचारावा आणि आपली यादी त्याच्यापुढे ठेवावी.

उत्तर बहुधा वडिलांच्या आठवणीचे असते. ‘अप्पांनी ही नवी कोरी घेतली होती’, असे मुलगा सांगतो. ते खोटे नसते आणि त्याला तुच्छ लेखण्याचेही कारण नाही; एकाच मालकाकडे राहिलेल्या गाडीचे भाग सहसा अदलाबदल झालेले नसतात आणि त्यासाठी पाच-दहा हजार अधिक देणे वावगे नव्हे. जावाचे नाव 2018 मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा आले आणि येझदीचे 2022 मध्ये. तेव्हापासून जुन्या गाड्यांकडे लोकांचे लक्ष वळले आहे, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते. कोठपर्यंत चढावयाचे हे मात्र ग्राहकाने घरून निघण्यापूर्वीच कागदावर लिहून आणलेले बरे. पोर्चमध्ये, मेणकापड दूर झाल्यावर, ते ठरत नाही.

या हिशोबातून दोन गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. चेसिसचा क्रमांक संशयास्पद असेल किंवा वारसांच्या सह्या मिळण्यासारख्या नसतील, तर एक लाख वीस हजारांतून आणखी काही वजा करून भागत नाही. तेव्हा त्या गाडीची किंमत सुट्या भागांची, म्हणजे टाकी, दिवा, चाके आणि एंजिन यांची वेगवेगळी जी होईल तेवढीच उरते. तीही ज्याच्याजवळ कागद असलेली दुसरी जावा आहे त्याच्यासाठी.

सर्व काही जुळल्यास इसारा म्हणून थोडी रक्कम देऊन पावती घ्यावी. पावतीवर दोन्ही क्रमांक लिहून घ्यावेत. गाडी मुलाच्या नावावर झाली, 29 आणि 30 क्रमांकांच्या नमुन्यांवर त्याच्या सह्या पडल्या आणि ना-हरकत दाखला हाती आला, की मग बाकीची रक्कम चुकती करावी. यात एक-दोन महिने सहज जातात. तेवढ्या काळात गाडी मेणकापडाखाली विजयनगरलाच राहू द्यावी. फक्त टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकण्यास मुलाला सांगावे.