घाम उडू देणारे कपडे

जयंतीच्या मिरवणुकीत कुणी चक्कर येऊन पडले की आपण म्हणतो, सकाळपासून उपाशी असेल. ते खरेही असते. पण एकदा त्याचे कपडे पाहा. शर्ट पांढराशुभ्र, पण टेरिकॉटचा. आत घट्ट बनियन, खाली जाड जीन्स.

नागपूरचे ऊन वेगळे, मुंबई-ठाण्याचे वेगळे. नागपुरात पारा 45 अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. घाम आला की उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईत पारा 35 वर असला तरी हवेत बाष्प भरलेले. घाम उडत नाही, नुसता ओघळतो. त्याने अंग थंड होत नाही. पाणी आणि मीठ मात्र जाते. हवामान खाते मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, किनाऱ्यावर 37 पासूनच. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर 14 जण दगावले, ते याच दमट पट्ट्यात.

म्हणून कपडा असा हवा की आत वारा खेळला पाहिजे. पातळ सुती, सैल, शक्यतो फिक्या रंगाचा. रस्त्यावरच्या ढिगातून घेताना कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला वारा लागला तर घ्या. मग पाण्याचा थेंब टाका. तो पसरून मुरला तर कापड घाम शोषेल, मोत्यासारखा वर राहिला तर नाही. जाड सुतीही कामाचे नाही. जीन्स सुतीच असते, पण एकदा भिजली की दिवसभर ओली राहते.

सफाईच्या किंवा बांधकामाच्या कामावर चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट घालावेच लागते. त्याखाली जाड टी-शर्ट नको, पातळ सुती बनियन पुरे. भाजी विकणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या तायांनी सिंथेटिक साडीऐवजी जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी कामाला काढावी. चांगली साडी जपायची म्हणून सुती पेटीत आणि नायलॉनची अंगावर, हे आपल्याकडे उलटेच चालते! डोक्याला टोपी किंवा पदर, खांद्यावर पंचा. तो मधूनमधून पाण्यात पिळून मानेवर ठेवावा.

आतले कपडे सर्वांत महत्त्वाचे. ओल्या, घट्ट अंतर्वस्त्रांमुळे आधी घामोळे येते, मग जांघेत गजकर्ण. दोन जोड असतील तर तिसरा घ्या. बाहेरच्या नव्या शर्टापेक्षा तो पैसा सार्थकी लागतो. खोलीत दोरीवर दमट राहिलेले कपडे घालू नका, उलटे करून उन्हात वाळवा. घरात एकाला गजकर्ण असेल तर त्याचा टॉवेल वेगळा. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने चार दिवस खाज थांबते. त्यात स्टेरॉइड असेल तर गजकर्ण आतून पसरते आणि मग महिनोन्महिने हटत नाही. सरकारी दवाखान्यात दाखवा.

उन्हात कुणी बरळू लागले, अंग तापले, तर 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, घट्ट कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि पुठ्ठ्याने का होईना, जोरात वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.