नवसाचे ओझे

चीनमधील अनेक तीर्थस्थानी झाडांच्या फांद्या लाल फितींनी झाकून गेलेल्या दिसतात. कोणी परीक्षेतील यश मागितलेले असते, कोणी अपत्य, कोणी आजारातून सुटका. हाँगकाँगमधील लाम त्सुएन या गावी तर आपली इच्छा लिहिलेला कागद संत्र्याला बांधून झाडावर भिरकावण्याची चाल होती. तो फांदीवर अडकला की मागणे पोचले, अशी समजूत. २००५ च्या फेब्रुवारीत त्या झाडाची एक फांदी मोडून दोघे जखमी झाले. तेव्हापासून झाडावर फेकणे बंद झाले. कागद टांगण्यासाठी लाकडी चौकटी उभारल्या गेल्या, पुढे एक कृत्रिम झाडही आले. लोकांनी येणे मात्र सोडले नाही.

याला परक्यांचे भाबडेपण म्हणून हसण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. वणीच्या सप्तशृंगी गडावर चैत्रात आणि नवरात्रात लाखो भाविक लोटतात. खानदेशातून कित्येक जण पायी येतात. खणानारळाने ओटी भरली जाते, साडी वाहिली जाते, नवस फेडले जातात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने नवस हा एक सशर्त करार होय. विम्यात हप्ता आधी भरावा लागतो. नवसात फळ आधी आणि फेड मागून. ज्याच्या गाठीला आज पैसा नाही, त्याला परवडणारा हा एकच करार. आमच्या लासलगावच्या बाजार समितीत १९४७ पासून कांद्याची उलाढाल चालते. पण उद्याचा भाव कोणालाच सांगता येत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी. ती उठली २०२४ च्या मे महिन्यात. पाऊस आणि शासन या दोहोंचा अंदाज ज्याला बांधता येत नाही, त्याने गडाकडे पाहून हात जोडले तर त्यास अडाणी कोणत्या तोंडाने म्हणावे?

तथापि श्रद्धेचेही ओझे साचत असते, आणि ते कोणाला तरी वाहावे लागते. लाम त्सुएनला ते झाडाने वाहिले. गडावर खुद्द देवीने. शतकानुशतके चढत गेलेल्या शेंदराच्या थरांखाली मूळ मूर्ती झाकली गेली होती. २०२२ मध्ये काही आठवडे दर्शन बंद ठेवून हजार किलोंहून अधिक शेंदूर उतरविण्यात आला, आणि अठरा हातांचे कोरीव रूप पुन्हा प्रकट झाले. त्या नवरात्रात गर्दी काही कमी झाली नाही. श्रद्धेला शिस्त लावली म्हणजे ती दुखावते, हे भय किती पोकळ आहे ते यावरून कळावे.

देवस्थानांनी भक्तीचे ओझे हलके करण्याचा मार्ग दाखविला आहे. शेतकऱ्याच्या माथ्यावरील अनिश्चिततेचे ओझे उतरविणे हे मात्र देवीचे काम नव्हे. ते शासनाचे आहे, आणि त्यासाठी कोणाला नवस बोलावा लागू नये.