एका लहान बेटाचें गोदान

'जर्सी' हा शब्द आपल्याकडे गोठ्यांतून आणि दूधवाल्यांच्या तोंडून इतका रुळला आहे कीं, तें मूळचें एका बेटाचें नांव आहे याची आठवण फारशी कोणास राहिलेली नाहीं. इंग्लंड व फ्रान्स यांच्या मधल्या इंग्लिश खाडींत, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून जवळच, सुमारें ११८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचें हें बेट आहे. २०२१ च्या खानेसुमारींत तेथील वस्ती एक लाख तीन हजारांच्या घरांत भरली. इंग्लंडच्या राजाचें छत्र त्यावर आहे, परंतु ब्रिटनच्या राज्याचा तो भाग नव्हे. कायदेमंडळ, कर आणि तिजोरी हीं सर्व त्याचीं स्वतःचीं. अशा या चिमुकल्या बेटानें १९६८ पासून दूरदेशच्या दरिद्री लोकांस सरकारी तिजोरींतून साहाय्य करण्याचा क्रम चालविला आहे. त्या दानाची रीत वाचकांपुढें मांडावी व तिच्या अनुरोधानें दानधर्माचा थोडा विचार करावा, असा आमचा हेतु आहे.

दुसऱ्यानें पाठविलेल्या अन्नाची किंमत या बेटास अनुभवानें ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १ जुलै १९४० रोजीं, जर्मनांनीं तें ताब्यांत घेतलें. जून १९४४ मध्यें दोस्तांचें सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलें, तेव्हां बेटाचा उरलासुरला पुरवठाहि तुटला आणि त्या हिवाळ्यांत अन्न, सरपण व औषधें यांची कमालीची टंचाई पडली. ३० डिसेंबर १९४४ रोजीं 'वेगा' नांवाचें स्वीडिश जहाज रेडक्रॉसचीं अन्नाचीं पुडकीं घेऊन बंदरांत आलें. तीं कॅनडा व न्यूझीलंड येथून आलेलीं होतीं. ९ मे १९४५ रोजीं सुटका होईपर्यंत या जहाजानें आणखी फेऱ्या केल्या. ज्यांनीं तीं पुडकीं आपल्या हातांनीं उघडलीं, अशीं पुष्कळ माणसें १९६८ सालीं हयात होतीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या कामासाठीं २००५ च्या कायद्यानें स्वतंत्र आयोग नेमलेला आहे. त्याच्या हातून दरवर्षीं एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्च होते. आंकडा ऐकावयास मोठा. पण जगांतील दारिद्र्यापुढें तो समुद्रांतील ओंजळीसारखा आहे. सर्वत्र थोडें थोडें शिंपडावें, तर कोठेंच ओल धरावयाची नाहीं. म्हणून आयोगानें क्षेत्र आंखून घेतलें. आफ्रिकेंतील रवांडा, मलावी, इथिओपिया, झांबिया, आणि आशियांतील नेपाळ, अशा मोजक्या देशांवर भर दिला. व कामेंहि तींच निवडलीं, ज्यांत आपणांस कांहीं कळतें. गरिबांची बचत व लहान कर्जें, निसर्ग राखून पोट भरण्याचे उद्योग, आणि दुधाचा धंदा, हीं तीं तीन कामें. शिवाय बेटावरील सामान्य स्त्रीपुरुष कांहीं आठवडे परदेशीं जाऊन शाळा वगैरे बांधण्याच्या कामीं स्वतः अंगमेहनत करितात.

यांतील दुधाचें काम विशेष मनोरंजक आहे. जर्सीची गाय बांध्यानें लहान, खाण्यास बेताची, उन्हास बऱ्यापैकीं टिकणारी. परंतु तिच्या दुधांत स्निग्धांश भरपूर, सुमारें पांच टक्के. हा वंश निर्भेळ राहावा म्हणून १७८९ सालीं बाहेरील गुरें बेटावर आणण्यास कायद्यानें कडक बंदी घालण्यांत आली. १८३३ मध्यें तेथें कृषिसंस्था स्थापन झाली आणि १८६६ मध्यें गाईंची वंशावळ लिहिण्यास प्रारंभ झाला. परदेशांतील वळूंचें रेत आणण्यास परवानगी मिळाली, ती थेट २००८ मध्यें! दोनशें वर्षांहून अधिक काळ जें धन डोळ्यांत तेल घालून राखलें, तेंच आज हें बेट गरीब शेतकऱ्यांच्या दारीं पोंचवीत आहे.

रवांडाचें उदाहरण घ्यावें. १९९४ च्या भीषण वंशसंहारानंतर सावरत असलेल्या त्या देशानें २००६ मध्यें गरीब कुटुंबास एक गाय देण्याची योजना काढली. गाय मिळालेल्या कुटुंबानें तिची पहिली कालवड शेजारच्या गरजूस द्यावयाची, असा नियम ठेविला. तेथील मूळ गाय मोठ्या शिंगांची व डौलदार, पण दूध फार थोडें देणारी. जर्सीच्या लोकांनीं तेथें कृत्रिम रेतनाची सोय, तें करणाऱ्या माणसांचें शिक्षण, आणि चारा, गोठा व दूध यांविषयींचें ज्ञान, अशी सर्व जोड दिली. कठोपनिषदांतील नचिकेत्याची कथा आमच्या वाचकांस परिचित आहे. बाप यज्ञाच्या नांवाखालीं म्हाताऱ्या व भाकड गाई दान करीत सुटला, तें पाहून त्या बालकाच्या मनांत श्रद्धा जागी झाली व त्यानें प्रश्न विचारला. अडगळ उपसून दिल्यास दात्याचें घर स्वच्छ होतें, घेणाऱ्याचें भरत नाहीं. जर्सीनें जवळची उत्तम वस्तु दिली, हा तिचा विशेष होय.

तथापि उत्तम वस्तुहि पात्र व देश पाहूनच द्यावी लागते. आपल्या महाराष्ट्रांत मणिभाई देसाई यांनीं १९६७ मध्यें उरुळीकांचन येथें संस्था स्थापिली व जर्सी, होल्स्टीन इत्यादि जातींशीं संकर करून दुधाची वाढ घडवून आणिली. अनेक लहान शेतकऱ्यांच्या घरीं त्यामुळें नियमित पैसा येऊं लागला, हें निर्विवाद. परंतु संकरित गोऱ्ह्यास वशिंड नसल्यासारखेंच. जूं ओढण्यास शेतकऱ्यास खिल्लार किंवा डांगी बैलच प्रिय. शिवाय अशा गाईस चारा, पाणी व औषधोपचार हीं वेळच्या वेळीं लागतात. तीं जेथें नाहींत, तेथें दानाची गाय घेणाऱ्यास ओझें होते. म्हणून गाईबरोबर विद्या दिली पाहिजे, हा रवांडांतील कामाचा धडा आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आतां या चित्राची दुसरी बाजू. जर्सीची श्रीमंती गाईंवर उभी नाहीं. ती पेढ्यांवर उभी आहे. बहुतेक कंपन्यांच्या नफ्यावर तेथें शून्य टक्के कर आहे आणि परदेशचा अफाट पैसा तेथें ठेवीच्या रूपानें येतो. त्यांतील सर्वच पैसा सचोटीचा नसतो. नायजेरियाचा लष्करी हुकूमशहा सानी अबाचा १९९८ मध्यें मरण पावला. त्याच्या कारकीर्दींत लुबाडलेल्या पैशांपैकीं तीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जर्सीच्या एका खात्यांत सांपडली. दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्यें जर्सी, अमेरिका व नायजेरिया यांच्यांत करार झाला आणि ती रक्कम नायजेरियांतील मोठे रस्ते व नायजर नदीवरील पूल यांसाठीं परत करण्याचें ठरलें.

ही रक्कम आयोगाच्या वार्षिक दानाच्या कितीतरी पट आहे. येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. नारदस्मृतींत 'अदेय' म्हणजे दान करण्यास अयोग्य अशा वस्तूंची गणना केलेली आहे. त्यांत निक्षेप, म्हणजे दुसऱ्याची ठेव, आणि सामाईक धन हीं स्पष्ट येतात. जें आपलें नव्हे तें देणें हें दान नव्हे. तें परत करणें ही केवळ फेड. जर्सीनें ती केली, याबद्दल तिचा गौरवच करावा. परंतु ती दानाच्या खात्यांत मांडूं नये. १९७० मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं श्रीमंत देशांपुढें राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ०.७ इतक्या साहाय्याची अपेक्षा ठेविली. जर्सीचें दान तिच्या निम्म्यासहि पोंचलेलें नाहीं. ज्या बेटाच्या पेढ्यांत गरीब राष्ट्रांचा पैसाहि येऊन पडतो, त्यानें दानाचा हात सैल सोडावा, आणि पैसा कोठून आला हें दारांतच विचारावें. या दोन्ही गोष्टी एकाच धर्माच्या आहेत.

आमच्या वाचकांचीं बहुतेक घरें एकत्र कुटुंबाचीं. तेथें सणावारीं दान निघतें, वर्गण्या दिल्या जातात. त्या प्रसंगीं तीन गोष्टी घरांतील वडील माणसांनीं मुलांदेखत बोलून दाखवाव्यात: हें द्रव्य सर्वस्वीं आपलें आहे काय, कोणाचें देणें राहिलें नाहीं ना, आणि देतों ती वस्तु आपण स्वतः वापरण्याजोगी आहे काय. मुलें तीं ऐकतील, आणि पुढें हिशेब त्यांच्या हातीं आला म्हणजे स्वतः विचारतील.