कोपर निखळले तर

बीड तालुक्यातल्या कपिलधारला लोक लोटतात ते दोनदा: कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला आणि पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला. भिजणाऱ्यांनी हे आधी वाचावे. शेवाळलेल्या कातळावर पाय सटकला की माणूस आपसूक हात टेकतो आणि अंगाचा सगळा भार तळहातावरून कोपरावर येतो. कोपर निखळते ते बहुधा असेच.

आत काय होते

दंडाचे एक हाड आणि मनगटाकडे जाणारी दोन, अशी तीन हाडे कोपरात बिजागरीसारखी बसलेली असतात. निखळताना खालची दोन बहुतेकदा मागे सरकतात. कोपराचे टोक मागे उठून दिसते, हात अर्धवट वाकलेला अडकून राहतो. पण लहान मुलांत कोपराच्या वरचे हाड मोडले तरी हात साधारण असाच दिसतो, म्हणून एक्स-रेवाचून निदान करू नये.

जागेवर

हात ओढू नका, सरळ करू नका. आहे तसाच उपरण्याने किंवा ओढणीने गळ्यात अडकवा. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. बोटे गार किंवा पांढरी पडली, बधिर झाली, तर रक्तवाहिनी किंवा शीर दबली असू शकते. मग एक क्षणही थांबू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मांजरसुंब्यावरून बीड गाठा. आणि घाबरलेल्याला चहा पाजायची आपली सवय इथे आवरा. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे.

चोळणे आणि कामट्या

गावोगावी हाड बसवणारे आहेत. दवाखाना लांब होता तेव्हा त्यांच्याकडे जाण्यावाचून इलाज नव्हता, आज आहे. सांधा एखाद्या वेळी त्यांच्या हातून बसतोही. खरे नुकसान पुढे होते. तेल लावून रोज चोळल्याने दुखावलेल्या स्नायूत चक्क हाड धरू लागते आणि कोपर आखडते. कामट्या घट्ट आवळल्या तर हाताचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. बोटे कायमची वाकडी होतात. वाट बघण्यात तीन आठवडे गेले, तर सांधा बसवायला बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

दवाखान्यात

गुंगीचे औषध देऊन डॉक्टर हात ठरावीक पद्धतीने ओढतात, सांधा खट्कन बसतो. पुन्हा एक्स-रे काढून, मनगटाची नाडी आणि बोटांची संवेदना तपासून, कोपर काटकोनात ठेवून पट्टी बांधतात. हाडाचा तुकडा उडाला असेल किंवा सांधा पुन्हा पुन्हा निसटत असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

पट्टीनंतर

साध्या निखळण्यात पट्टी एक-दोन आठवडेच. जास्त दिवस बांधले म्हणजे जास्त पक्के, हा समज कोपराच्या बाबतीत उलटाच पडतो. हात ज्याचा त्यानेच हळूहळू वाकवावा, सरळ करावा. दुसऱ्याने जोर लावू नये. शेवटचे थोडे सरळ होणे अनेकांचे राहूनच जाते, पण कामाला सहसा अडत नाही.

जड ओझ्याला मात्र काही महिने थांबावे लागते. बीडकडच्या ऊसतोड मजुराला हे सगळ्यात अवघड, कारण मुकादमाकडून उचल घेतलेली असते. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे: कोयता कोणत्या हातात धरता, मोळी उचलता का आणि टोळी कधी निघणार आहे.